डिपर : समोरच्याच्या डोळ्यांसाठी शोधलेलं बटण

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. एका बातमीसाठी राधानगरीहून परित्याकडे मोटारसायकलवरून निघालो होतो. पंधरा दिवसांपूर्वीच गाडीला पांढरा एलईडी बल्ब बसवून घेतला होता. बसवणारा म्हणाला होता, "साहेब, दिवसासारखं दिसंल बघा." आणि खरंच तसं दिसत होतं. रस्त्यावरचा खडा न् खडा.

समोरून एक म्हातारबाबा सायकलवरून येत होते. डोक्याला मफलर, हँडलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. डेअरीला दूध घालायला निघालेले. माझी लाईट फुल. मला ते लांबूनच स्पष्ट दिसत होते, म्हणून मी निवांत. त्यांना मात्र माझ्या उजेडापलीकडं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी सायकल कडेला घेतली, अजून कडेला घेतली, आणि पुढचं चाक साईडपट्टीवरून खाली चरीत गेलं.

कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. दूध मात्र सगळं मातीत. मी गाडी लावून धावलो, त्यांना उठवलं, सायकल वर काढली. दुधाचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. शिवीही दिली नाही. मफलर झटकत एवढंच म्हणाले, "तुला उजेड झाला लेका, मला अंधार झाला."

तो बल्ब त्याच दिवशी संध्याकाळी काढून टाकला. वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. आजची पोस्ट त्या वाक्यावरच आहे. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. ऊस सुरू होण्याआधी वाचलेली बरी.

मित्रांनो, वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. दर हंगामात एक वाक्य हमखास लिहावं लागतं : 'समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर प्रकाशझोताने डोळे दिपल्याने पुढील ट्रॉलीचा अंदाज आला नाही.' हे वाक्य आता बोटांनाच पाठ झालंय. फक्त नाव, गाव आणि वय बदलायचं. पण या बातमीत माणसं कोण कोण असतात ते बघा. एक, जो धडकला तो. दोन, ट्रॉलीवाला, ज्याच्यावर गुन्हा नोंद होतो. आणि तिसरा? ज्याच्या उजेडानं डोळे दिपले तो? तो केव्हाच पुढं निघून गेलेला असतो. घरी जाऊन जेवून झोपलेला असतो. पंचनाम्यात त्याच्या गाडीचा नंबर नसतो, आणि आपल्यामुळं मागं काय झालं हे त्याला आयुष्यभर कळत नाही.

त्या पहाटे मी तो तिसरा माणूस होतो. म्हातारबाबा चरीत पडले म्हणून मला कळलं तरी. माझ्यामागं काही सेकंदांनी ते कशाला धडकले असते, तर मला कधीच कळलं नसतं.

म्हणून म्हटलं, या उजेडाचाच इतिहास एकदा नीट बघू. वाचत गेलो तशी एक गोष्ट लक्षात आली. हेडलाईटचा इतिहास म्हणजे उजेड वाढवत नेण्याचा इतिहास, असं आपल्याला वाटतं. पण त्यातली निम्मी डोकेफोड उजेड खाली कसा वळवायचा, यासाठीच झालेली आहे.

सुरुवात आपल्या बैलगाडीपासून करू. रात्रीच्या बैलगाडीला कंदील असायचा. पण तो पुढं नसायचा. गाडीच्या खाली, आखाजवळ टांगलेला असायचा. त्या उजेडात गाडीवानाला वाट दिसायची का? अजिबात नाही. वाट बैलांना पाठ असायची, गाडीवान तर निम्मा झोपेत. तो कंदील होता दुसऱ्यासाठी. मागून-पुढून येणाऱ्याला इथं गाडी आहे हे कळावं म्हणून. रस्त्यावरच्या दिव्याचं पहिलं काम हे होतं : आपण दिसणं. आपल्याला दिसणं ही नंतरची गोष्ट.

सायकलचंही तेच. आमच्या आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली की पोलीस अडवायचे, दंड करायचे, नाहीतर चाकातली हवा सोडून चालत घरी पाठवायचे. मग कुणी टॉर्च बांधायचं, कुणी मागच्या चाकाला डायनामो घासत जायचं. आज हसू येतं, पण त्यामागचा विचार साधा होता. बिनदिव्याचा माणूस स्वतःला आणि दुसऱ्याला, दोघांनाही धोका असतो.

मोटार आली तेव्हा तिलाही आधी घोडागाडीचेच दिवे होते, रॉकेलचे. मग कार्बाइडचे दिवे आले. जत्रेत दुकानांवर कार्बाइडचा दिवा ज्यांनी बघितलाय त्यांना तो उग्र वास आठवत असेल. कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी सोडायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, तो पेटवायचा. लख्ख पांढरी ज्योत. वाऱ्या-पावसात टिकायची म्हणून मोटारींना ती सोयीची पडली.

शाहू महाराजांनी आपल्या धरणाचं काम हाती घेतलं आणि राधानगरी वसवली, तो काळ गेल्या शतकाच्या पहिल्या दशकाचा. बरोबर त्याच काळात, १९०८ साली, अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी बाजारात आली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांना पुढचे दिवे हे असे ॲसिटिलीनचेच होते. १९१५ च्या सुमारास तिला विजेचे दिवे आले, पण ते इंजिनातल्या मॅग्नेटोवर चालायचे. गाडी जोरात असली की लख्ख, हळू झाली की मिणमिणते. आपल्या जुन्या स्कूटरी आठवतात का? चढावर गाडी धापा टाकायला लागली की लाईटही धापा टाकायची, मग रेस करून उजेड वाढवायचा. तोच प्रकार.

१९१२ साली कॅडिलॅक कंपनीनं बॅटरी, सेल्फ-स्टार्टर आणि विजेचे दिवे असा सगळा संच गाडीत बसवून दिला. तिथून उजेडाचा प्रश्न सुटला. आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. समोरच्याला दिसेना.

म्हणजे बघा, गाडीला पुरेसा उजेड मिळायला वीस-पंचवीस वर्षं लागली, आणि तो उजेड दुसऱ्याच्या डोळ्यात जातो ही तक्रार यायला दोन-तीन वर्षंही लागली नाहीत. १९१५ साली अमेरिकेतल्या गाईड लॅम्प कंपनीनं खाली वळवता येणारा दिवा काढला. पण तो वळवायला ड्रायव्हरनं गाडी थांबवून खाली उतरायचं, पुढं जाऊन हातानं दिवा खाली करायचा. समोरून गाडी आली की उतरा, ती गेली की पुन्हा उतरा. कोण करणार? १९१७ मध्ये कॅडिलॅकनं गाडीच्या आतूनच दिवा खाली करायचा दांडा दिला. १९२४ साली ऑस्रामनं बायलक्स नावाचा बल्ब काढला. एकाच बल्बमध्ये दोन तारा, एक लांबच्या उजेडासाठी, एक जवळच्या. आणि १९२७ च्या सुमारास पायानं दाबायचं बटण आलं.

हे पायाचं बटण आपल्यातल्या अनेकांनी वापरलंय. जुन्या जीपमध्ये, जुन्या ट्रकमध्ये क्लचच्या डावीकडं फरशीवर असायचं. खटकन दाबलं की अप्पर, पुन्हा दाबलं की डिपर. पावसाळ्यात चिखल बसून जाम व्हायचं, मग ड्रायव्हर टाचेनं हाणायचा. पुढं ते स्टिअरिंगजवळच्या दांड्यावर आलं. मोटारसायकलला तर डाव्या अंगठ्याखालीच असतं. म्हणजे १९१५ साली ज्या कामासाठी गाडीतून उतरावं लागायचं, ते काम आज अंगठ्याच्या एका हालचालीवर आलंय. आणि तेवढी हालचाल आपण करत नाही.

का करत नाही? माझं उत्तर असं आहे. गाडीतली बाकी सगळी बटणं स्वतःसाठी आहेत. हॉर्न आपल्यासाठी, वायपर आपल्यासाठी, एसी आपल्यासाठी. डिपर हे एकच बटण असं आहे की दाबल्यावर दाबणाऱ्याचं नुकसान होतं, त्याचा उजेड कमी होतो, आणि फायदा होतो तो समोरच्या अनोळखी माणसाचा. तो माणूस पुन्हा भेटणार नाही, आभार मानणार नाही. म्हणून हे बटण नुसतं गाडीत असून भागत नाही. ते दाबायची रीत असावी लागते.

आपल्याकडं ती रीत होती.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, आणि पुढच्या काही वर्षांत एसटी वाडी-वस्तीपर्यंत पोचली. त्या काळातल्या ड्रायव्हर लोकांनी रात्रीच्या रस्त्याची एक भाषाच तयार केली होती. आमचे एक चुलते एसटीत ड्रायव्हर होते, रातराणीला असायचे. ते सांगायचे, समोरून गाडी दिसली की पहिला डिपर आपण द्यायचा. त्यानं नाही दिला तर एकदा अप्पर करून आठवण करून द्यायची. तरीही नाही दिला तर? आम्ही पोरं म्हणायचो, "तात्या, मग आपण पण फुल मारायची की!" तात्या म्हणायचे, "अरे, तो एक आंधळा झालाय आन् तू दुसरा झालास, तर रस्ता कोन बघायचा?"

ट्रकवाल्यांची भाषा तर गाडीच्या पाठीवरच लिहिलेली असायची. 'हॉर्न ओके प्लीज' आणि खाली 'यूज डिपर ॲट नाईट'. हे मागच्यासाठी असतं, कारण मागच्याची फुल लाईट पुढच्याच्या आरशातून त्याच्याच डोळ्यात येते. आपल्या राज्य सरकारनं २०१५ साली ट्रकवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी घातली, विनाकारण हॉर्न वाजतात म्हणून. हॉर्नचं वाक्य वादात सापडलं, डिपरच्या वाक्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. उलट २०१६ साली टाटा मोटर्सनं ट्रकचालकांसाठी काढलेल्या निरोधला 'डिपर' हेच नाव दिलं होतं. ट्रकवाल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, एवढा तो त्याच्या अंगवळणी पडलेला.

चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. हेडलाईटच्या काचेवर वरच्या अर्ध्या भागात मारलेला काळा रंग, किंवा मधोमध चिकटवलेला काळा गोल. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत शहरांत ब्लॅकआऊट असायचा. घरांच्या खिडक्यांना काळे कागद आणि गाड्यांच्या दिव्यांवर झाकण, वरून विमानाला दिसू नये म्हणून. युद्धं संपली तरी दिव्यावरचा काळा पट्टा बरीच वर्षं राहिला, आता समोरच्याच्या डोळ्यांसाठी. आमच्या लहानपणी पोलीस स्वतः ब्रश घेऊन चौकात उभे राहायचे आणि गाड्यांच्या दिव्यांना काळं फासायचे. त्यात फार शास्त्र होतं असं नाही. पण प्रत्येक गाडीच्या डोळ्यावर एक खूण असायची : उजेड वर जाऊ द्यायचा नाही.

मग बिघडलं कुठं? बिघडलं ते उजेड स्वस्त झाला तेव्हा.

१९७१ साली एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब आला. आपल्या बहुतेक जीप, कार आणि मोटारसायकलींत वर्षानुवर्षं याच घराण्यातले बल्ब आहेत. हा बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन तारा असतात आणि त्यातल्या एका तारेखाली बारीकशी पत्र्याची वाटी असते. डिपरला ती तार पेटते आणि खालच्या बाजूला जाणारा उजेड ती वाटी अडवते. कारण तो उजेड रिफ्लेक्टरवर आपटून वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात गेला असता. एवढुशी ती वाटी, पण समोरून येणाऱ्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. रिफ्लेक्टरचा खोलगट आकारही ती तार नेमकी कुठं आहे हे मिलिमीटरमध्ये धरून बनवलेला असतो.

आता त्याच जागी आपण बाजारातला दोन-चारशे रुपयांचा एलईडी बल्ब घालतो. त्यात ना ती तार त्या जागी, ना अनेकदा ती वाटी. उजेड भरपूर पडतो, पण कुठंही पडतो. झाडाच्या शेंड्यावर पडतो, समोरच्याच्या तोंडावर पडतो. म्हणजे अशा गाडीवाल्यानं प्रामाणिकपणे डिपर दिला, तरी समोरच्याला ती फुलच वाटते. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. त्या पहाटे मी डिपर दिला असता, तरी म्हातारबाबांना कितपत दिसलं असतं, शंकाच आहे. शिवाय बंपरवर आणि टपावर लावलेल्या एलईडी पट्ट्या. त्यांना डिपर हा प्रकारच नाही. एक तर चालू, नाही तर बंद.

कंपनीतून एलईडी दिवे घेऊन आलेल्या गाड्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांचा सगळा दिवाच एलईडीसाठी घडवलेला असतो. नीट लावलेला असेल तर उजेडाची कडा सुरीनं कापल्यासारखी सरळ दिसते. तक्रार आहे ती हॅलोजनच्या घरात घुसवलेल्या एलईडीची.

कायदा काय म्हणतो? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १०६ आहे. गाडीच्या दिव्याचा झोत खाली वळलेला असला पाहिजे. इतका, की दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडं अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, ते दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे पाच फुटाला थोडं कमी. जवळजवळ सायकलवरच्या माणसाच्या डोळ्यांची उंची. म्हणजे नियम लिहिणाऱ्यानं समोरच्या माणसाला मनात उभं करून नियम लिहिलाय. कंपनीनं दिलेल्या रचनेत परस्पर बदल करायचा नाही, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येच आहे. पण रस्त्यावर हेल्मेट, कागदपत्रं, नंबरप्लेट बघतात. दिवा कुठं मारतोय हे थांबवून तपासलेलं मी क्वचितच पाहिलंय. आणि तपासणार कधी? दिवसा तो दिसत नाही, आणि रात्री तपासायला कुणी नसतं.

आता आपल्या रस्त्यावर या. कोल्हापूरहून हळदी, परिते, भोगावती करत राधानगरी आणि पुढं दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून कोकण. एका बाजूनं कोकणात जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या, दुसऱ्या बाजूनं कारखान्याकडं निघालेला ऊस. ताशी ६० किलोमीटर म्हणजे फार वेग नाही, आपण सगळेच त्या वेगानं जातो. पण त्या वेगात गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. डोळे दिपल्यावर पुन्हा अंधाराला सरावायला तीन सेकंद जरी लागले, तरी ५० मीटर अंतर आपण आंधळे होऊन जातो. वय वाढतं तसा हा वेळ आणखी वाढतो. त्या ५० मीटरमध्ये उसाची डबल ट्रॉली उभी असेल तर?

आणि ट्रॉली कशी असते, आपण बघतोच. पुढं टेपचा दणदणाट, इंजिनावर रंगीबेरंगी लाईटींचा थाट, आणि मागं काळाकुट्ट अंधार. वाढं लोंबकळून रिफ्लेक्टर असला तरी झाकलेला. नियमानं मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. आपल्याकडं ट्रॉली पंधरा मीटरवर आल्यावर दिसते. टायर फुटून ती रस्त्यातच उभी राहिली, तर मागं दोन दगड आणि झाडाची फांदी. ट्रॅक्टरवाल्याला नुसतं बोलून उपयोग नाही. तोही रात्रभर जागा असतो, वजनकाट्यावर नंबर लागावा म्हणून धावत असतो. पण गाडीखाली कंदील टांगणाऱ्या गाडीवानाला जे कळत होतं, ते आपण विसरलोय. दिसणं ही आपलीच जबाबदारी असते.

रिफ्लेक्टरचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या पर्सी शॉ नावाच्या माणसानं १९३४ साली रस्त्यात बसवायच्या काचेच्या 'मांजरडोळ्यां'चं पेटंट घेतलं. मांजराच्या डोळ्यासारखेच ते, समोरून आलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवतात. ना बॅटरी, ना वायर. ट्रॉलीमागं लावायचा लाल रिफ्लेक्टर त्याच तत्त्वावर चालतो. मागच्याचा उजेड त्यालाच परत देतो. इतक्या स्वस्तात जीव वाचवणारी वस्तू दुसरी सापडणार नाही.

पुढं राधानगरी ओलांडली की जंगल. दाजीपूरचं हे रान कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं, १९५८ साली ते अभयारण्य झालं. संस्थानी काळात उजेड हे शिकारीचं हत्यारही होतं. राजस्थानातल्या कोट्याच्या महाराजांनी १९२५ साली खास शिकारीसाठी रोल्स-रॉईस गाडी बनवून घेतली होती, तिच्यावर मोठाले सर्चलाईट बसवलेले होते. कारण शिकाऱ्याला ठाऊक असतं, प्रखर झोत डोळ्यात गेला की जनावर पळत नाही. जागच्या जागी थिजतं. पुढं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कृत्रिम उजेड टाकून शिकार करण्यावर बंधनं आली, आणि नंतर शिकारच बंद झाली.

पण घाटातल्या रस्त्यावर आपण नकळत तेच करतोय. गवा रस्त्यात आला आणि आपण फुल लाईट त्याच्यावर धरून हॉर्न वाजवत राहिलो, तर तो हलणार कसा? टनाच्या घरातलं जनावर, अंग काळं, अंधारात मिसळलेलं. फक्त गुडघ्याखालचे पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. उजेडात कधी कधी आधी तेवढे पायच दिसतात. अशा वेळी गाडी थांबवा, लाईट खाली करा, हॉर्न बंद ठेवा, त्याला वाट द्या. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्रीची वाहतूकच बंद आहे. आपल्याकडं कोकणाशी सगळा व्यवहार या घाटानं चालतो, म्हणून मी तशी मागणी करत नाही. पण तशी वेळ येऊ द्यायची नसेल तर वेग आणि उजेड दोन्ही आवरावे लागतील.

मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला लोक लांबून आपल्याकडं येतात. काजव्यांची चमक म्हणजे नराची मादीला आणि मादीची नराला खूण असते. त्या खुणांवरच त्यांची पुढची पिढी ठरते. तिथं जाऊन गाडीची फुल लाईट झाडावर टाकली की त्यांचं बोलणंच बंद. काजवे बघायला यायचं आणि त्यांनाच आंधळं करून जायचं, हे बरं नव्हे. पाहुणे घेऊन येणाऱ्या गाडीवाल्या भावांनो, हे तुम्हीच त्यांना सांगायला पाहिजे.

मराठीत 'दिपणं' असा आपला शब्द आहे आणि गाडीत 'डिपर' असा इंग्रजीतून आलेला. कानाला जुळे भाऊ वाटतात, पण काम उलटं. डोळे दिपू नयेत म्हणून डिपर.

तर आता करायचं काय? मोठ्या गोष्टी नाहीत.

एक. आज रात्रीच आपली गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर २५ फुटांवर उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कडा दिव्याच्या उंचीपेक्षा चार बोटं खाली असली पाहिजे. वर असेल तर मेकॅनिककडून दिवा खाली करून घ्या. बहुतेक गाड्यांना त्यासाठी स्क्रू असतो, पाच मिनिटांचं काम. मागं माणूस किंवा ओझं असलं की गाडीचं तोंड वर होतं, हेही ध्यानात ठेवा.

दोन. हॅलोजनच्या दिव्यात घातलेला एलईडी बल्ब काढा. मी काढलाय. उजेड कमी पडतो असं वाटलं तर आधी दिव्याची काच पुसा, पिवळी पडली असेल तर बदला. निम्मा उजेड तिथंच अडकलेला असतो.

तीन. समोरून कुणीही येवो, ट्रक असो, सायकल असो वा चालणारा माणूस, पहिला डिपर आपला. त्यानं नाही दिला तर सूड घ्यायचा नाही. वेग कमी करायचा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची. पावसाळ्यात घाटात धुकं असलं तरी डिपरच. फुल लाईट धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येते.

चार. ट्रॅक्टरमालकांनी, कारखान्यांनी आणि वाहतूक ठेकेदारांनी रिफ्लेक्टर वाटल्याचे फोटो पहिल्या दिवशी काढावेत, जरूर काढावेत. पण महिन्याभरानं ते ट्रॉलीवर आहेत का, वाढ्यानं झाकलेत का, हेही बघावं. काट्यावर ट्रॉली येतेच, तिथंच बघता येईल.

पाच. पोलीस आणि आरटीओ साहेबांना नम्र विनंती. हंगामात आठवड्यातून एक रात्र दिव्यांची तपासणी करा. दंडच करा असं नाही. पूर्वी पोलीस ब्रश घेऊन उभे राहायचे, तसं आज स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एक मेकॅनिक सोबत उभा करा. लोक दुवा देतील.

ते म्हातारबाबा अजून दिसतात मला, तशाच किटल्या घेऊन. आता त्यांनी सायकलच्या मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावलाय. लांबून तो ठिपका चमकला की माझा अंगठा आपोआप बटणावर जातो. परवा जवळून जाताना त्यांनी हात वर केला. ओळखलं की नाही, माहीत नाही. बहुतेक नसावं. माझ्या उजेडामागं कोण आहे हे त्यांना या वेळी दिसलं, एवढंच बास झालं.

तुमच्या घरात, भावकीत कुणी जुने एसटीचे किंवा ट्रकचे ड्रायव्हर असतील तर त्यांना रात्रीच्या रस्त्याच्या रीती विचारा आणि मला कळवा. त्या कुठंच लिहून ठेवलेल्या नाहीत. आणि आज रात्री घरी येताना कुणाला तरी पहिला डिपर द्या.